खर्च सरल्यावरचे ऋण

मूल पाळणाघरात ठेवून नोकरीस जाणाऱ्या आईबापांच्या खर्चाचा मोठा वाटा ब्रिटनचे सरकार उचलते. परंतु तो खर्च ज्या दिवशी संपतो त्या दिवशी त्या साह्याचे काय व्हावे, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसाचा दिसला तरी त्याच्या मुळाशी धर्मजिज्ञासा आहे, असे मला वाटते.

तेथील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या योजनेत नोंदणीकृत संगोपनाच्या खर्चापैकी शेकडा ८५ पर्यंतची रक्कम, ठरीव कमाल मर्यादेच्या आत, पालकांच्या पदरात पडते, आणि तीही सामान्यतः आधी पदरमोड करून मागाहून. मूल शाळेत जाऊ लागले, अथवा आजीने त्यास सांभाळण्याचे पत्करले, म्हणजे हा घटक मंजुरीतून गळतो. घरभाडे, मुले, संगोपन अशा निरनिराळ्या घटकांची बेरीज करावयाची आणि पालकास माफ असलेली कमाई सोडून उरलेल्या निव्वळ कमाईचे शेकडा ५५ तीतून वजा करावयाचे, अशी रीत असल्यामुळे, बेरजेतील हा आकडा नाहीसा होताच, पगारात एका पेनीचाही फरक न पडता, कित्येक कुटुंबांचा हक्क थेट शून्यावर येऊन ठेपतो. एप्रिल २०२५ मध्ये बंद झालेल्या जुन्या ‘टॅक्स क्रेडिट’ पद्धतीत तर खर्च थांबल्याची वर्दी महिन्याच्या मुदतीत दिली नाही, तर जादा गेलेल्या रकमेची वसुली मागे लागे.

मग हे साह्य दान म्हणावे काय? आपल्या धर्मशास्त्रकारांच्या मते दात्याचे स्वत्व निवृत्त होऊन प्रतिग्रह करणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले म्हणजे दान पूर्ण होते, आणि विधिवत् दिलेले परत मागणे हा व्यवहारपदांत गणलेला दोष आहे. ज्यावर वसुली निघू शकते ते दान नव्हे. ते कर्जही नव्हे, कारण खर्च खरोखर झाला असेल तर फेडीची अपेक्षा नाही. भूदानाच्या काळात विनोबांनी शंकराचार्यांचा आधार घेऊन दानाचा जो ‘संविभाग’ असा अर्थ सांगितला, तोच येथे अधिक जुळतो: भार वाटून घेणे. भार नाही तेथे वाटा नाही. तो जाणूनबुजून घेत राहणारा, कितीही गरजू असला तरी, अस्तेयव्रताचा भंगच करतो. (मुदतीचा कागद समजला नाही म्हणून चुकणाऱ्या बापड्यास याच तराजूत घालणे मात्र अन्याय्य होईल.)

येथवर कायद्याची बाजू मला निर्दोष वाटते. अडचण पुढे आहे. आजी नातवंडाच्याच घरी राहून त्यास सांभाळत असेल, तर तिला मोबदला दिला तरी तो संगोपनखर्च म्हणून धरला जात नाही. म्हणजे सरकारदरबारी भार संपला. वस्तुतः भार होता तेथेच आहे, त्याचे बिल तेवढे येईनासे झाले आहे. आपल्याकडे पितृऋणाची कल्पना अशी की, पूर्वजांचे देणे संततीच्या पालनाने फिटते. ज्याचे देणे त्यास न देता पुढच्यास द्यावयाचे, म्हणून या ऋणाची पावती कोणत्याही वहीत सापडत नाही. पावतीवाचून ज्याला कर्तव्य दिसतच नाही, अशा राज्यास आजी दिसावी कशी?

एलिनॉर रॅथबोन या विदुषीने १९२४ साली ग्रंथ लिहून, आणि पुढे पार्लमेंटात झगडून, मातेच्या संगोपनकार्यास समाजाने प्रत्यक्ष मोल द्यावे असा आग्रह धरला. १९४५ च्या कौटुंबिक भत्त्याच्या कायद्यात ती रक्कम बापाऐवजी आईच्या हाती देण्याची तरतूद झाली, ती बव्हंशी तिच्या हट्टामुळे. त्या भत्त्याचा वारस असलेला ‘चाइल्ड बेनिफिट’ आजही पाळणाघराची पावती मागत नाही. एकाच राज्याच्या दोन खात्यांत दोन तत्त्वज्ञाने नांदत आहेत, आणि मला रॅथबोनबाईंचे अधिक खरे वाटते.

आजीची दखल अगदीच घेतली जात नाही असे नव्हे. एप्रिल २०११ पासून, बारा वर्षांखालील नातवंड सांभाळणाऱ्या आजीआजोबांच्या नावे, ‘चाइल्ड बेनिफिट’ घेणाऱ्या पालकास आपल्याला नको असलेली राष्ट्रीय विम्याची वर्षे वळती करून देता येतात. पुऱ्या सरकारी पेन्शनीस अशी पस्तीस वर्षे लागतात. रोख रक्कम काहीच नाही, अर्ज मात्र करावा लागतो. आणि आजी स्वतः पेन्शनीच्या वयास पोहोचली की हीही सवलत थांबते, मग नातू दिवसभर तिच्याचकडे का असेना.