विस्मृती नव्हे, स्मृती

अफूचे झाड एकच. परंतु ते मनुष्याच्या घरी तीन रूपांनी येते. पिकलेल्या बोंडातील बी म्हणजे अनारशांवरची खसखस. हिरव्या बोंडाला चीर पाडली असता पाझरणारा चीक म्हणजे अफू. वैद्य तिला अहिफेन म्हणतात. त्याच चिकापासून मॉर्फीन हे वेदनाशामक औषध काढतात. अतिसार थांबविणे व असह्य वेदना शमविणे, हे तिचे गुण होत. परंतु तीच अफू श्वास मंद करते, मात्रा वाढल्यास प्राणही हरण करते. आणि सवय जडली म्हणजे कालची मात्रा आज पुरेनाशी होते.

लखनौ नगरीने या वनस्पतीची दोन्ही रूपे पाहिली आहेत. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या १९२४ मधील कथेत नवाबी लखनौचे चित्र आहे. लहानथोर विलासात मग्न, कोणी अफूच्या तंद्रीत, आणि १८५६ मध्ये राज्य हातचे गेले तरी कोणास जाग नाही! एकट्या अफूने अवध बुडविले असे नव्हे. परंतु कर्तव्याच्या वेळी आलेली गुंगी कोणत्याही घराला परवडत नाही. त्याच लखनौतील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने पुढे ‘सुजाता’ नावाचा वाण सिद्ध केला. त्याच्या बोंडातून खसखस मिळते, अफू मिळत नाही. वनस्पतीचा स्वभाव शास्त्रज्ञ असा पालटू शकतात. मनाची विस्मृतीकडील ओढ मात्र ज्याची त्यालाच जिंकावी लागते.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे अंग कापत होते, गांडीव हातातून गळत होते. भगवंतांनी त्याला दुःख विसरविणारे काही दिले नाही, जागे केले. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन जे मिळाले म्हणून सांगतो, ती स्मृती आहे. निद्रेला जिंकणारा ‘गुडाकेश’ हे त्याचे नाव येथे सार्थ होते.

मग रुग्णाने वेदना सोसतच राहावे काय? मुळीच नाही. कर्करोगाने तळमळणाऱ्या वडीलधाऱ्यांना केवळ सवयीच्या भयाने वैद्याने सांगितलेले मॉर्फीन नाकारणे हा धर्म नव्हे, निर्दयता आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, ती मुख्यतः अशा रुग्णांना हे औषध सुलभतेने मिळावे म्हणून. वैद्याच्या मात्रेने वेदना शमविणे हे औषध. कर्तव्यापासून पळण्यासाठी घेणे हे विष.

ज्या घरात कोणी या व्यसनात सापडला असेल, तेथे लोकलज्जेने त्याला लपवू नये, धिक्कारूही नये. अफू एकाएकी सोडल्यास अंगदुखी, अतिसार, निद्रानाश यांनी तो व्याकूळ होतो. म्हणून व्यसनमुक्तीच्या वैद्याचे साह्य घ्यावे. रजोगुणी सुख आरंभी अमृत व अंती विष. सात्त्विक सुख आरंभी विष व अंती अमृत, असे गीता सांगते. मुक्तीचा आरंभ कडूच असणार. त्या कडू दिवसांत त्याच्या उशाशी जागणे, हीच त्या घरातील गीतेची खरी सेवा होय.