भय जाते कसे?

अंधारात दोरीला साप समजून माणूस दचकतो. दिवा आला, दोरी कळली, तरी अंगाचा कंप लगेच थांबत नाही. तो सावकाशच ओसरतो, हे विद्यारण्यस्वामींनी पंचदशीत हेरले आहे. आम्ही मात्र जन्मभर भ्यालेल्याला 'अरे, भिऊ नको' एवढेच सांगत आलो. चूक आमची.

१९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषीने एक उपचार प्रसिद्ध केला. जेमतेम तीन वर्षांचा पीटर सशाला भिई. त्याला आवडीचा खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला. शेवटी पोर सशाला कुरवाळू लागले!

अपघाताच्या, अत्याचाराच्या आठवणींनी छळलेल्यांनाही आज मानसोपचारतज्ज्ञ याच वाटेने नेतात. टाळलेली आठवण सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा, बोलती करतात. कारण पळाल्याने भय पोसते. सामोरे गेल्याने मनाला उमगते की, आठवण म्हणजे संकट नव्हे.

पण बरे का, पाण्याला भिणाऱ्याला डोहात ढकलणे हा उपचार नव्हे! पायरी त्याला झेपेल तीच असावी, आणि जाणत्याच्या देखरेखीखाली. आपण काय करावे? उपदेश आवरावा, अन् त्याच्या सोबतीने चालावे.