खरं सांगणारी आई, खरं ऐकणारे गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



जून उजाडला. मुलांच्या शाळा उघडल्या आणि आपल्याला गुरुपौर्णिमेच्या सेवेचे वेध लागले. दरवर्षी या दिवसांत आपण सद्गुरूंविषयी लिहितो, बोलतो. या वेळी मुलांच्या शाळेतल्या गुरूंविषयी लिहावं असं मनात आलं. आपण त्यांच्याशी किती खरं बोलतो? आणि ते आपल्याशी?

विषय निघाला तो मागच्या गुरुवारी. आरतीनंतर आम्ही चार-पाच जणी प्रसादाची पातेली घासत होतो. एक ताई म्हणाल्या, "नातवाच्या शाळेतून दिवसाला दहा मेसेज येतात. उद्या पिवळा टी-शर्ट, परवा सहलीचे पैसे, शुक्रवारी वाली मीटिंग. पण पोरगा अभ्यासात कुठे आहे, ते काही कळत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं. शाळेची बातमी घरी पोचते. मुलाचं खरं पोचतंच असं नाही.

आता माझीच एक चूक सांगते. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ज्याची गोष्ट आहे तो माझा मुलगा आज नोकरीला लागलाय, आणि त्याला विचारूनच लिहिते आहे.

तो तेव्हा नववीत होता. डिसेंबरात यांच्या भाचीचं लग्न इंदूरला होतं. शाळा लग्नासाठी चार दिवसांची रजा देणार नाही हे माहीत होतं. मी रजाचिठ्ठी लिहिली, "तापाने आजारी असल्यामुळे." तेवढ्यावर भागलं असतं तर वेगळं. पण पुढच्या वाली मीटिंगमध्ये वर्गशिक्षिकांनी आपुलकीने विचारलं, "आता कशी आहे तब्येत?" आणि मी म्हणाले, "काय सांगू टीचर, अंगात अजिबात त्राण नव्हतं. डॉक्टरांनी पाच दिवस गोळ्या दिल्या." मुलगा शेजारीच उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

फेब्रुवारीत त्याच्या दप्तरात गणिताचे तीन पेपर सापडले. वीसपैकी चार, पाच, तीन. तिन्हींवर पालकांची सही, आणि ती सही माझी नव्हती. मी संतापले, रडले, नको ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "तू पण तर लिहिलं होतंस ना चिठ्ठीत, ताप होता म्हणून."

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले ती टीचरना जाब विचारायच्या तयारीनेच. "तुम्हाला सही ओळखता येत नाही का?" असं विचारलंही. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्याच पेपरला शंका आली होती. पण मागच्या वर्षी एका पालकांना असंच सांगितलं, तर ते थेट ट्रस्टींकडे गेले. आमच्या मुलावर आळ घेता म्हणाले. तेव्हापासून मी सांगायचं सोडलं. रिझल्टवर 'समाधानकारक' लिहिते आणि पुढे जाते."

त्यांनी इतकं खरं सांगितल्यावर मलाही राहवलं नाही. म्हणाले, "टीचर, डिसेंबरात त्याला ताप नव्हता. आम्ही लग्नाला गेलो होतो." त्या हसल्या. "ते मला तेव्हाच कळलं होतं. आठवडाभर तो वर्गात इंदूरच्या पोहे-जिलेबीच्या गोष्टी सांगत होता."

म्हणजे बघा. मी खोटं बोलते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं 'समाधानकारक' पोकळ आहे हे मलाही आतून कुठेतरी जाणवत होतं. दोघी एकमेकींना सांभाळून घेत होतो आणि मधल्या मधे मुलगा बुडत होता.

छांदोग्य उपनिषदातली सत्यकाम जाबालाची कथा आपण सत्संगात अनेकदा ऐकली आहे. सत्यकामाला गुरुगृही जायचं असतं. तो आईला विचारतो, माझं गोत्र कोणतं? जबाला सांगते, की तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करत असताना तू मला झालास, तुझं गोत्र मला माहीत नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तर सत्यकाम जाबाल असंच सांग. तो हारिद्रुमत गौतमांकडे जातो आणि आईचे शब्द जसेच्या तसे सांगतो. गौतम त्याला समिधा आणायला सांगतात आणि उपनयन करून जवळ ठेवून घेतात, कारण हा मुलगा सत्यापासून ढळला नाही.

ही कथा ऐकताना आपण सत्यकामाचं कौतुक करतो. त्या प्रसंगानंतर मला पहिल्यांदा त्याची आई दिसली. मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न होता. एखादं गोत्र सांगून टाकणं तिला किती सोपं होतं! कोण चौकशी करणार होतं? पण गुरूकडे जाणाऱ्या मुलाच्या तोंडी तिने खोटं घातलं नाही. मुलाचं नाव सत्यकाम, पण सत्याचा पहिला धडा त्याला घरातच मिळाला, आईकडून.

आणि दुसरे दिसले गौतम. त्यांनी ते ऐकून नाक मुरडलं असतं, चार शिष्यांसमोर त्याला हसले असते, तर? पुढच्या वेळी कुठल्या आईने खरं सांगून पाठवलं असतं? त्या कथेत सत्य टिकलं, कारण सांगणारी निर्भय होती आणि ऐकणारा त्या लायकीचा होता. खरं बोलणं ही एकट्याची साधना आहे असं आपण समजतो. मला वाटतं ती दोघांची आहे. ज्याला खरं ऐकवत नाही, तो समोरच्याला खोटं बोलायला शिकवतो. ट्रस्टींकडे धावणाऱ्या त्या पालकांनी टीचरना तेच शिकवलं होतं.

पातेली घासताना आमच्यात एक निवृत्त शिक्षिकाही होत्या. त्यांनी एक अवघड प्रश्न टाकला. "मी खरं सांगितलं की काही मुलांना घरी मार बसायचा. मग मी सांगायचं की नाही?" यावर आम्ही बराच वेळ बोललो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी केली. पण घरातल्या चपलेचं काय? गप्प राहून त्या बाईंनी मुलाला त्या दिवसापुरतं वाचवलं असेल. पण सत्य पुढच्या परीक्षेत बाहेर आलंच, आणि मोठं होऊन आलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं, पण मुलाला शेजारी बसवून. आणि नुसतं काय चुकलं ते नाही, आता आपण तिघांनी काय करायचं तेही." मला हे पटलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं खरं हवंच, पण ऐकणाऱ्याला न टोचणारं आणि त्याच्या हिताचंही हवं. आपण सोयीप्रमाणे यातलं एकेक उचलतो. काही जण नुसतं खरं बोलतात आणि जखमा करतात. काही जण नुसतं गोड बोलतात आणि फसवतात.

मग शाळेला घरातलं सगळंच सांगायचं का? नाही. घरातली पैशांची ओढाताण, कुणाचं आजारपण, नवरा-बायकोतले ताण यातलं किती सांगायचं ते आपण ठरवावं. "घरी थोडी अडचण आहे, महिनाभर त्याच्याकडे लक्ष ठेवा," एवढं पुरतं. झाकलेली मूठ वेगळी आणि रचलेली गोष्ट वेगळी. न सांगणं हा आपला हक्क असू शकतो, खोटं रचणं नाही. शिक्षकांनाही तेच. मुलाच्या चुका वर्गासमोर किंवा पालकांच्या ग्रुपवर मांडणं हा काही प्रामाणिकपणा नव्हे.

एवढ्याशा चिठ्ठीचं काय एवढं, असं वाटेल. पण ती वाढत जाते. आज अकरावी-बारावीची किती मुलं एका शाळेत नाव घालतात आणि दिवसभर कोचिंग क्लासमध्ये बसतात! शाळेला माहीत, क्लासला माहीत, आईवडिलांना माहीत, आणि हजेरी मात्र भरलेली. 2024 मध्ये सीबीएसईने दिल्ली आणि राजस्थानात अचानक तपासण्या केल्या आणि अशा प्रकारांवरून 21 शाळांची मान्यता काढून घेतली. तिथे मुलाभोवतीची सगळीच मोठी माणसं मिळून एक खोटं सांभाळत असतात. आपली रजाचिठ्ठी त्याच वाटेवरची पहिली पायरी.

आपल्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. कायद्याने मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणता येतं. आताच्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, म्हणजे शिक्षक आणि पालक एका टेबलाशीही बसतात. पण त्या टेबलावर खरं बोलायला कुठला कायदा लावणार? ते आपल्यालाच करावं लागतं.

माझ्या मुलाचं पुढे काय झालं? चमत्कार झाला नाही. आम्ही तिघं बसलो. त्याने सांगितलं, की आठवीपासून समीकरणंच कळत नव्हती आणि विचारायची लाज वाटत होती. टीचर आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीत त्याला घेऊन बसू लागल्या. मी कबूल केलं, की पेपर दाखवला त्या दिवशी ओरडणार नाही. हे माझ्यासाठी समीकरणांहून कठीण होतं! दहावीत गणितात त्याला 58 मिळाले. नातेवाइकांना ते कमीच वाटले. पण त्या वर्षभरात प्रत्येक पेपर तो स्वतः माझ्यापुढे आणून ठेवत होता, चार मार्कांचासुद्धा.

सद्गुरूंपुढे बसलो की आपण म्हणतो, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तुमच्यापासून काय लपवणार? मग ज्या गुरूंच्या हाती रोज सहा तास आपलं मूल सोपवतो, त्यांच्यापासून एवढं का लपवावं? गुरुपौर्णिमेला पादुकांवर फूल वाहताना हा प्रश्न एकदा स्वतःला विचारू या.

या महिन्यासाठी छोटा संकल्प:
🌼 रजाचिठ्ठीत खरं कारण लिहायचं. रजा नाकारली तर तेही स्वीकारायचं.
🌼 शिक्षकांनी मुलाविषयी उणं सांगितलं, तर पहिलं वाक्य "सांगितलंत ते बरं केलंत" एवढंच.
🌼 मुलाने स्वतःहून चूक सांगितली, तर त्या दिवशी ओरडायचं नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

आपल्यात जे शिक्षक आहेत त्यांनाही हात जोडून विनंती. 'समाधानकारक' लिहिण्याआधी क्षणभर थांबा. आम्ही आईवडील कधी चिडू, पण आम्हाला खरं सांगा.

चूकभूल द्यावी घ्यावी.

॥ शुभं भवतु ॥
— एक सेवेकरी भगिनी, बडोदे