मोळी आणि आंघोळ

'श्यामची आई'तला मोळीचा प्रसंग वर्गात वाचताना दरवर्षी माझा गळा दाटून यायचा. एका वर्षी तो दाटायच्या आतच मागच्या बाकावरची मुलगी उठली. "बाई, पण आंघोळ कशाला?"

प्रसंग ठाऊक असेलच. म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडली आहे, तिला ती एकटीला उचलवत नाही आणि शिवायचं नाही म्हणून कुणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, हात लाव, आणि घरी येऊन आंघोळ कर.

"काळच तसा होता गं," मी म्हणाले. मुलगी बसली. पटलं तिलाही नव्हतं, मलाही.

घरी भांडी घासताना विचार करत राहिले. आईच्या मनात दोन धर्म होते, दयेचा आणि सोवळ्याचा. तिने दोन्ही पाळले. म्हणजे विटाळ तिने खोटा ठरवला नाही, फक्त म्हातारीपेक्षा मोठा होऊ दिला नाही. पण त्या आंघोळीला हसणं सोपं आहे. शिवल्यावर आंघोळ, ही पळवाट रूढीनेच ठेवलेली. तिने ती वाट उलटी वापरली: पाणी आहे ना, मग शिवायला हरकत काय? हा भ्याडपणा की शहाणपण, मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं की अंगावरून पाणी घेऊन हात धुतला जातो, हात लावल्याची आठवण धुतली जात नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात श्यामने, म्हणजे साने गुरुजींनी, ती लिहून काढली आणि मे १९४७मध्ये विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून पंढरपुरात ते दहा दिवस उपाशी राहिले. आईने दोन्ही धर्म सांभाळले होते, मुलाला एक सोडावा लागला.

तरी एक गोष्ट खुपते. या साऱ्यात म्हातारीला नावसुद्धा नाही. तिच्या बाजूचा माणूस स्वतः बोलू लागतो तो बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'मध्ये, १९६३ साली. तिथे जात लपवून राहणारा रेल्वेतला तरुण ती उघड झाल्यावर मार खातो. त्या गोष्टीत कुणाच्या दयेने प्रश्न सुटत नाही. पूर्वग्रह मोडायला चांगली माणसं लागतात, पण ज्याला तो सोसावा लागतो त्याची साक्ष झाल्याशिवाय निकाल लागत नाही.

पुढच्या वर्षी मी वर्गाला लिहायला दिलं: त्या संध्याकाळी म्हातारीने घरी काय सांगितलं असेल? बहुतेकींनी आशीर्वाद लिहिले. एका वहीत चारच ओळी होत्या.

मोळी जड होती. पोरगा गुणाचा होता. त्याला नाव विचारायचं राहिलं. त्याला आंघोळीची घाई होती.