गव्हाणीची मालकी

पूजनीय वस्तूचा संग्रह करावा काय, हा प्रश्न दिवाणी कायद्यापुरता फार सोपा आहे. रीतसर दाम मोजून पावती घेतली की वस्तू घेणाऱ्याची झाली, एवढ्यावर कायद्याचा तंटा मिटतो आणि धर्माचा सुरू होतो. सीवूड्सच्या आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका वसईकर गृहस्थांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, नाताळ गोठ्याच्या हस्तनिर्मित मूर्तींचे कैक संच आहेत. त्यांपैकी बस्तरच्या ढोकरा कारागिरांनी ओतलेल्या संचातील मरियेच्या वस्त्रावर मेणाच्या बारीक दोऱ्यांचे वेढे धातूत जसेच्या तसे उमटले आहेत, आणि मेण वितळून, मातीचा साचा फोडूनच मूर्ती बाहेर निघत असल्यामुळे हुबेहूब तशीच दुसरी घडणे असंभव आहे.

इ. स. १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो येथे जो गोठा मांडला, त्यात गवताने भरलेली गव्हाण होती, जिवंत बैल व गाढव होते. बाळाची जागा श्रद्धेने भरून काढावयाची होती. पुढे ती जागा प्रत्येक देशाने आपापल्या हाताने भरली. सतराव्या शतकातील गोमंतकीय कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेला बाल येशू मेंढपाळाच्या वेषात, गालाला हात लावून, डोळे मिटून टेकडीवर बसला आहे. तर पुण्याच्या आश्रमात राहिलेल्या आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या चित्रकाराने मरियेला साडी नेसविली आणि गोव्यातील सनातनी स्वधर्मीयांचा रोष ओढवून घेतला. वास्तविक देव देहधारी झाला असे एकदा मानले, की त्या देहाला कोणत्या तरी मातीचा वर्ण येणे क्रमप्राप्तच आहे. आणि कोणतीही एक माती त्यास पुरी पडत नसल्यामुळे अनेक संच जवळ बाळगण्यास निव्वळ हौसेपलीकडचे समर्थन लाभते.

परंतु गोठ्याला कालक्रम आहे. चोवीस डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिती असते आणि ज्ञानी पुरुषांच्या आगमनाचा सण सहा जानेवारीस येतो. कपाटात मात्र सहसा सारेच बारमाही हजर, आणि त्यामुळे प्रतीक्षा, जी या सणाचा प्राण, तीच बेदखल होते. पार्थिव गणपतीचे विसर्जन करणाऱ्या आपल्या समाजास हे निराळे सांगावयास नको.

सदर गृहस्थ नाताळापूर्वीच्या आगमनकाळात प्रत्येक संचातील बाळ काढून खणात ठेवतात, हे मला उचित वाटते; मात्र सहा जानेवारीनंतर सर्वच मूर्ती पेटीत जाव्यात, असे मी सुचविले तेव्हा, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांना त्या वर्षभर पाहावयास मिळाव्यात, असे त्यांनी उत्तर दिले. या उत्तरात ममता आहे, तरीही ते मला मान्य नाही: मुलांना पाहावयास शिकविण्याइतकेच वाट पाहावयास शिकविणे हेही संग्राहकाचे कर्तव्य आहे, आणि पावतीने मिळालेल्या मालकीला ही एक मर्यादा असावी.