मी फक्त पाहिले

फराळाचे ताट पुढ्यात असताना चोरीचा विषय काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण ही गोष्ट दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यातलीच आहे. दारोदार आकाशकंदील लागले, की ती मला हटकून आठवते.

पंधरा वर्षे झाली. सातवीच्या वर्गाच्या सहलीचे पैसे मी गोळा केले होते, ३२०० रुपये. मधल्या सुट्टीनंतर पाकीट टेबलावर दिसेना. मी कुणाला काही बोललो नाही. नुसती मान वर केली आणि शेवटच्या बाकाकडे पाहिले. तिथे पारध्यांच्या वस्तीवरचा मुलगा बसत असे. माझ्यापाठोपाठ चाळीस माना तिकडे वळल्या. तो उठला, पुढे आला आणि कुणी न सांगता त्याने आपले दप्तर माझ्या टेबलावर उपडे केले. दोन वह्या, एक पेन्सिल, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी.

पाकीट हजेरीपटात सापडले. मीच ठेवले होते.

आता प्रश्न असा, की मी अपराध केला काय? आरोप केला नाही, अंगाला हात लावला नाही. नजरेला कायद्यात कलम नाही. माझ्या एका वकील स्नेह्याच्या मते मनात संशय येणे हे शिंक येण्यासारखे आहे. त्याला माणूस काय करणार? मलाही ते पटले असते. पण शिंकेला दिशा नसते. माझा संशय चाळीस मुलांना ओलांडून नेमका एकापाशी कसा पोचला?

ती वाट माझ्या जन्मापूर्वीच आखलेली होती. १८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला. आधी गुन्हा, मग पुरावा, मग गुन्हेगार, हा न्यायाचा साधा क्रम. इथे जमातच आधी गुन्हेगार ठरली. गुन्हा मागाहून सवडीने शोधायचा! एकदा जाहीरनामा निघाला, की त्याच्या खरेखोटेपणाचा निवाडा कोर्टाकडे मागता येत नसे. नावे नोंदवायची, परवान्यावाचून हद्द ओलांडायची नाही, ठरल्या वेळी हजेरी द्यायची. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सबंध वसाहत होती. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतली जातीवरून भेद करणारी कलमे घटनाबाह्य ठरायला तर ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. त्या मुलाचा आजा लहानपणी बापाचे बोट धरून पाटलाकडे हजेरीला जात असे, हे मला पुढे कळले. मीही रोज सकाळी हजेरीच घेतो. शब्द तोच आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गापुढे माफी मागायचे मी ठरवले. रात्री दोनदा मजकूर जुळवला (कादंबऱ्या लिहिणाऱ्याची खोड!). सकाळी त्याला व्हरांड्यात गाठून तसे सांगितले, तर पोर घाबरले.

“नका, गुरुजी. आता समदी इसरल्यात. तुमी बोललात, की परत बघत्याल.”

माफी म्हणजे चांगलीच गोष्ट, असे आपण धरून चालतो. पण ती मागून हलका होणार होतो मी, आणि चाळीस नजरांचे ओझे पुन्हा वाहणार होता तो. म्हणून मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे त्याच्या भल्याचे होते, की माझ्या सोयीचे? चाळीस मुलांना काही न सांगता मी काय शिकवून गेलो? त्यांतली कितीतरी आज आईबाप झाली असतील. कबुली दिली तर एकाला इजा, न दिली तर चाळिसांची समजूत तशीच कायम. या तराजूला मला अजून योग्य वजन सापडलेले नाही.

गेल्या महिन्यात एस.टी.त तो अचानक भेटला. कंडक्टर झाला आहे. मला खिडकीपाशी जागा करून दिली, घरची विचारपूस केली, तिकीट फाडले. उरलेले पैसे माझ्या तळहातावर ठेवीत म्हणाला, “मोजून घ्या, गुरुजी,” आणि मी मोजून होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

बाकीच्या उतारूंना तो तसे म्हणत नव्हता.