निकाल हा कौल नव्हे

मनुष्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा केवळ न्यायासनावर बसल्यावरच होते असे नाही. फावल्या वेळी चाललेल्या गप्पांतही ती होत असते. आपल्या पेडणे आणि डिचोली महालांत अशा गप्पांचा आवडता विषय कोणता असे कोणी विचारल्यास राजकारणाच्या खालोखाल क्रिकेटचेच नाव घ्यावे लागेल. भात कापून शेते मोकळी झाली की त्यांत यष्ट्या उभ्या राहतात. आणि भारताचा संघ जाहीर झाला की चहाच्या दुकानापासून देवळाच्या पायरीपर्यंत ठिकठिकाणी एकेक निवड समिती बसते. अमक्यास का घेतले, तमक्यास का वगळले, कर्णधार बदलावा की ठेवावा, यावर मोठ्या हिरीरीने वाद होतात. या वादांत काही वावगे आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या संघाला आपण आपला म्हणतो त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहेच. प्रश्न अधिकाराचा नसून मापाचा आहे. निवडणाऱ्याचा निर्णय योग्य की अयोग्य, हे आपण कोणत्या मापाने ठरवतो?

बहुधा ते माप एकच असते, ते म्हणजे निकाल. निवडलेला खेळाडू चमकला की निवडणारे द्रष्टे ठरतात. तो शून्यावर बाद झाला की तेच पक्षपाती, आंधळे किंवा विकले गेलेले ठरतात. वस्तुतः निवड आधी होते आणि निकाल मागाहून लागतो. निवडणाऱ्याच्या हाती असते ती त्या दिवसापर्यंतची माहिती, स्वतःचा अनुभव आणि स्वतःचा प्रामाणिकपणा. पुढे काय घडणार हे त्याच्या हाती नसते. मग जे त्याच्या हाती नव्हते त्यावरून त्याच्या सचोटीचा निवाडा करणे हा न्याय म्हणता येईल काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्याच गोमंतकाच्या एका सुपुत्राचे उदाहरण पुरेसे आहे. कै. दिलीप सरदेसाई यांचा जन्म १९४० साली मडगाव येथे झाला. डिसेंबर १९६१ च्या आरंभी कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध ते आपला पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा गोवा मुक्त होण्यास अद्याप काही दिवसांचा अवकाश होता. १९६५ साली मुंबईस न्यूझीलंडविरुद्ध भारताचा पहिला डाव अवघ्या ८८ धावांत आटोपून फॉलो-ऑनची नामुष्की आली असता त्यांनी नाबाद २०० धावा काढून सामना वाचवला. परंतु पुढे त्यांच्या धावा आटल्या, आणि १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी संघ निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांचे नाव निश्चित असे मुळीच नव्हते. अखेर ते कसेबसे संघात आले. त्यानंतर किंग्स्टन येथे भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झालेले असताना त्यांनी एकनाथ सोलकर यांच्या साथीने डाव सावरला आणि स्वतः २१२ धावा केल्या. पुढे पोर्ट ऑफ स्पेन येथे ११२ आणि ब्रिजटाउन येथे १५०, अशा त्या मालिकेत त्यांच्या एकूण ६४२ धावा झाल्या. भारताने वेस्ट इंडीजवर कसोटीतील आपला पहिला विजय मिळवला आणि मालिकाही जिंकली.

आता वाचकांनी शांतपणे विचार करावा. सरदेसाईंच्या नावाविषयी ज्यांना शंका होती ते सारे मूर्ख होते काय? नव्हते. मागील मोसमांचा हिशेब पाहता ती शंका रास्तच होती. आणि ज्यांनी त्यांना घेतले त्यांना किंग्स्टनचे २१२ आधीच दिसले होते काय? तेही नव्हते. त्यांनी एका अनुभवी फलंदाजाच्या जुन्या गुणांवर विश्वास टाकला, इतकेच. समजा, किंग्स्टन येथे एखादा चेंडू बॅटीची कड घेऊन गेला असता आणि सरदेसाई लवकर परतले असते, तर विश्वास टाकणाऱ्यांचा विचार तोच राहिला असता. केवळ लोकांचा अभिप्राय पालटला असता.

त्याच दौऱ्याचे दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. कर्णधार निवडताना समितीत मते समसमान पडली. तेव्हा अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांना दिले. त्याच वर्षी वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, आणि मर्चंट यांच्या मताची सर्वत्र वाहवा झाली. १९७४ साली त्याच वाडेकरांचा संघ इंग्लंडमध्ये तिन्ही सामने हरला. लॉर्ड्सवर एक डाव केवळ ४२ धावांत संपला. ज्यांना तीन वर्षांपूर्वी लोकांनी डोक्यावर घेतले होते त्यांच्याच घरावर दगड पडले. पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली. १९७१ चे ते एक मत १९७१ मध्ये पुण्य आणि १९७४ मध्ये पाप, असे कसे होऊ शकेल?

आपल्या गोमंतकीय श्रद्धाळू मनाला या भ्रमाचे मूळ ओळखणे कठीण जाऊ नये. आपल्या देवालयांत कौल घेण्याची परंपरा आहे. मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. भाविक तो देवाचा शब्द मानतो आणि तेथे वाद संपतो. कौलाच्या ठिकाणी ही वृत्ती शोभते, कारण तेथे माणसाने निर्णय देवावरच सोपवलेला असतो. परंतु आपण नकळत सामन्याच्या निकालालाही कौल मानू लागलो आहोत. संघ जिंकला म्हणजे निवड करणाऱ्यांना उजवा कौल मिळाला. हरला म्हणजे त्यांच्या मनात खोट होती हे जणू सिद्धच झाले! निकाल हा कौल नव्हे. त्यात कौशल्य असते, तसेच वारा, पाऊस, खेळपट्टी, पंचांची नजर आणि प्रतिपक्षाचा पराक्रम हेही असतात.

येथे कोणी विचारील, ‘मग फळावरून झाड ओळखू नये काय? निवडणारे वर्षानुवर्षे चुकत राहिले तरी गप्पच बसावे काय?’ हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. फळावरून झाड ओळखावे, पण एका फळावरून नव्हे. वादळाने मोहोर गळाला म्हणून कोणी आंबा तोडीत नाही. चांगली मशागत करूनही दहा वर्षे फळ धरले नाही तर मात्र विचार करावा लागतो. जो निवडणारा वारंवार गुणांपेक्षा नात्याला, प्रांताला किंवा ओळखीला मान देतो त्याला जाब विचारणे हे कर्तव्यच आहे. पण तो जाब संघ जिंकलेला असतानाही विचारावा लागेल. पक्षपाताने निवडलेला खेळाडू शतक ठोकून आला म्हणून पक्षपात धुऊन निघत नाही.

खेळाडूंच्या बाबतीतही हीच गोष्ट. डॉन ब्रॅडमन यांच्याहून थोर फलंदाज जगाने पाहिला नाही. त्यांची कसोटीतील सरासरी ९९.९४ आहे. तरीही आपल्या ८० डावांत ते सात वेळा शून्यावर बाद झाले, आणि १९४८ मधील त्यांचा शेवटचा डाव त्या सातांपैकीच एक होता. थोरांची ही कथा, तर दोन डावांतल्या अपयशावरून एखाद्या तरुणाला ‘संपला’ म्हणून मोकळे होणाऱ्या आपण कोण? २००७ च्या मार्च महिन्यात विश्वचषकातील पराभवानंतर रांची येथे महेंद्रसिंग धोनी यांच्या बांधकाम चालू असलेल्या घराची लोकांनी नासधूस केली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. त्या सहा महिन्यांत माणूस बदलला नव्हता. लोकांचे प्रेम किती उथळ होते एवढेच त्यातून दिसले.

सुज्ञ वाचकांनी, या विषयावर मंदिराच्या पत्रिकेत एवढे लिहिण्याचे कारण काय, असे मनात आणू नये. निवड हा केवळ क्रिकेटचा विषय नाही. उत्सवाच्या नाटकात कोणाला कोणती भूमिका द्यावी, देवस्थानच्या समितीत कोणाला घ्यावे, शाळेच्या संघात कोणते अकरा मुलगे किंवा मुली असाव्यात, हे निर्णय आपल्यातीलच कोणीतरी घेत असतो. नाटक रंगले की दिग्दर्शक गुणी, एखादा नट भाषण विसरला की त्याने ‘आपल्या माणसाला’ पुढे केले, ही भाषा आपण देशाच्या संघाविषयी बोलता बोलताच शिकतो, आणि शेजारी बसलेली आपली मुले ती आपल्याकडून शिकतात. माणसाची किंमत त्याच्या शेवटच्या धावसंख्येइतकी, हा धडा त्यांना मिळाला तर ज्या दिवशी त्यांचे स्वतःचे नाव यादीत नसेल त्या दिवशी ती स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहतील?

अशा मुलामुलींना शिखा पांडे यांची हकीकत सांगावी. गोव्याकडून खेळत त्या २०१४ साली भारताच्या महिला संघात पोहोचल्या. २०२२ च्या विश्वचषकासाठी त्यांना वगळण्यात आले. २०२३ साली त्या पुन्हा भारतासाठी खेळल्या. वगळले जाणे हा त्या दिवशीच्या समितीचा निर्णय असतो, आयुष्याचा निवाडा नव्हे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. संघ जाहीर होईल तेव्हा अवश्य वाद घालावा, आणि आपले मत तेव्हाच कारणासह सांगावे. सामना संपल्यावर बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे, हेच आपण काल म्हणालो होतो काय? म्हणालो असू तर आजही खुशाल म्हणावे. म्हणालो नसू तर थोडे सबुरीने घ्यावे. आणि टीका निर्णयावर करावी, कोणाच्या घरादारावर किंवा जातकुळीवर नव्हे. एवढे पथ्य पाळले तर आपल्या गप्पांतील रंग तिळभरही उणा होणार नाही, आणि त्या ऐकणारी मुले हार-जीत पाहण्यापूर्वी माणसाचा विचार आणि त्याचे कष्ट पाहावयास शिकतील.